हातावरचे तांदूळ

आमच्या फर्मला दोन मालक: सर आणि मी. कॉलेजात त्यांनी मला शिकवलं आणि पुढे जालन्यात इमारतींच्या प्रकाशयोजनेचं ऑफिस काढताना भागीदार करून घेतलं. कागदावर निम्मं-निम्मं असलं तरी शेवटचा शब्द सरांचा, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. मी मुळातच उतावळी. सरांना घाई म्हणून माहीत नाही.

त्यांची एक रीत होती. मोजायचं यंत्र काही का सांगेना, काम ताब्यात देण्याआधी त्या जागेत वापरली जाणारी वस्तू दिव्याखाली हातावर धरून बघायची. कापडाच्या दुकानात साडी, वाचनालयात जुनं पुस्तक. मी बटण फिरवायची, पिवळा उजेड पांढरा होत जायचा, आणि सर 'बस' म्हणाले की तिथंच थांबायचं. त्या 'बस'वर आमचं नाव चालायचं.

वडीगोद्रीला हमरस्त्याला लागून एक नवं मंगल कार्यालय होतं, मालकांनी मोठ्या हौसेनं बांधलेलं. दिवेलागणीला सर स्टेजसमोर खुर्ची टाकून बसले. एका तळहातावर हळद, दुसऱ्यावर साधे तांदूळ. मी बटण फिरवलं. हळद खुलली, तांदूळ स्वच्छ दिसले. मी थांबणार, तेवढ्यात सर म्हणाले, अजून. थोडं पुढे नेलं. पुन्हा, अजून. हॉलचा पार दवाखाना झाला. मालकांनी डोळ्यांवर हात धरला.

"तांदूळ अजून पिवळेच दिसून राह्यले," सर म्हणाले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी माझी आई धुतलेल्या चादरी परत परत धुवायची, पिवळ्या पडल्यात म्हणून. आम्ही सगळे तिला हसायचो. सरांकडे बघताना मला त्या चादरी आठवल्या आणि सगळं कळलं.

गप्प बसले तर काम बिघडत होतं आणि बोलले तर मालकांसमोर सरांचा शब्द पडत होता. बाहेर नेऊन हळूच सांगायची सबुरी देवानं मला दिलेली नाही.

"सर, तांदूळ पांढरेच आहेत," मी म्हणाले. "डोळे दाखवून घेऊ."

सरांनी तांदूळ वाटीत ओतले, हात झटकले आणि मालकांना सांगितलं, की आता बाई म्हणतील तसं. मी बटण मागे आणलं. मालकांनी हात खाली घेतला, ते बघून मला रडूच यायला लागलं.

परतताना अंबड मागे पडल्यावर गाडीत त्यांनी विचारलं, "किती दिवसापासून माहीत व्हतं तुला?"

आजच कळलं, मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सर ऑफिसला यायला लागले, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मी खरं बोलले होते, आणि तरी चोरी पकडली गेल्यासारखी वावरत होते. एकच नकाशा काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. चहा गार व्हायचा. एका जागी बसवतच नव्हतं. एकीकडे त्यांचा राग यायचा आणि दुसरीकडे दारात त्यांची चप्पल दिसली नाही की जीव कासावीस व्हायचा.

एके दिवशी ते ऑफिसला आलेच नाहीत. फोनही उचलेनात. दुपार कलल्यावर आले, चपला धुळीनं माखलेल्या. केदारखेड्याला गेलो होतो म्हणाले. तिथल्या वाचनालयाचं काम आम्ही गेल्या वर्षी केलं होतं. तिथंही 'बस' त्यांचंच होतं आणि बटण माझ्या हातात. ते कशाला गेले असतील हे कळायला मला वेळ लागला नाही. आता ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तिथला उजेड चुकलेला दिसला असता, तर मी वर्षभर सगळं दिसत असून तोंड मिटून बसले होते, असाच अर्थ झाला असता.

"तिथला उजेड बराबर आहे," सर म्हणाले.

"म्हणजे मला तपासायला गेल्ता तुम्ही?" माझा आवाज चढला होता.

ते नाही म्हणतील, काहीतरी कामाचं कारण सांगतील, असं मला वाटलं. खरं तर तसंच व्हावं, असंही वाटत होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"हो," ते म्हणाले. "आता न्हाई जाणार."