असामान्य असल्याचा दाखला

मी असामान्य आहे, हे अमेरिकेच्या सरकारला कागदोपत्री पटवून देण्याची वेळ माझ्यावर नव्वदच्या दशकात आली. तिकडच्या प्रयोगशाळेत मी काणीवर, म्हणजे उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर काढणाऱ्या रोगावर, काम करत होते. कायमचं राहायचं तर बक्षिसं, सत्कार, वर्तमानपत्रांतली कात्रणं जोडा, असं वकीलबाईंनी बजावलं. आमच्या घरात पोरीचं कौतुक "बरं झालं" याच्यापुढं कधी गेलं नव्हतं. त्याचं कात्रण कुठून आणायचं?

सुट्टीत इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी आले आणि चुलत्यांपुढं रडगाणं गायले. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. "सत्कार न्हाई? मग करू की गं! त्यात काय?" म्हणाले आणि पायात चपला सरकवून बाहेरही पडले. वडील कट्ट्यावर तंबाखू मळत होते. मी परत यावं, इथंच कुठल्यातरी कारखान्यात नोकरी धरावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"म्हंजी ह्या कागदांनी तू तिकडंच ऱ्हाणार?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. त्यांनी मळलेली तंबाखू खाली टाकली.

आठवड्याभरात सोसायटीच्या गोदामासमोर मांडव पडला. एकटीचाच सत्कार केला तर भाऊबंद रुसतील, म्हणून निवृत्त एसटी ड्रायव्हर, नवे सरपंच, दहावी पास झालेली सगळी पोरं आणि भाडं न घेतलेला मांडववाला, असे सगळेच व्यासपीठावर. सगळ्यांना तीच शाल, तोच नारळ, तीच ढाल. प्रमुख पाहुण्यांनी माझा 'डॉक्टर' असा उल्लेख केला आणि खाली बसल्यावर मला आपला गुडघा दाखवला. एवढ्या असामान्यांच्या गर्दीत अमेरिका मला कशी ओळखणार, याची मला धास्ती पडली.

शेवटी चुलत्यांनी माइक वडिलांपुढं धरला. "आवं दादा, दोन शबुद बोला की!"

जन्मात कधी माइकला हात न लावलेले वडील उठले. "पोरगी हुशार हाय. आमच्या शिवारात दर साली काणी पडती, आन काणीवरचा इलाज शोधणारी तिकडं जाऊन बसलीया. त्यांच्याकडं लय माणसं हायती. आमची आमाला परत द्या."

टाळ्या वाजल्याच नाहीत. मला रडू आलं, आणि त्यांचा संतापही आला.

सांगलीच्या पेपरानं तेवढंच वाक्य उचललं. 'आमची मुलगी आम्हाला परत द्या', तीन कॉलमी मथळा. बाकीचे सत्कारमूर्ती तळाशी एका ओळीत. माझ्याकडं कात्रण होतं ते हे एकच. भाषांतर करून घेतलं आणि आता अर्ज बुडाला असं समजूनच पाठवून दिलं.

वकीलबाईंचा फोन आला तो आनंदानं ओरडतच. शाली-ढालींचे फोटो त्यांनी बाजूला सारले होते. पण इतक्या लांबचं एक गाव मला परत मागतंय, यापेक्षा मोठा पुरावा कुठला, म्हणून कात्रण फायलीत सगळ्यात वर लावलं. अर्ज मंजूर झाला.

मी तिकडून फोन करून वडिलांना गावच्या एसटीडी बूथवर बोलावून घेतलं आणि बातमी सांगितली.

"माझ्या बोलण्यानं काय आडलं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"उलट त्यामुळंच मिळालं," मी म्हणाले.



"मग गप बसाय पायजे हुतं," ते म्हणाले.