मफलरवाल्याची डिस्क

समजा, बंगळूरला राजाजीनगरात तुमची व्हिडिओ लायब्ररी आहे. तिन्ही भिंतींवर छतापर्यंत कॅसेटी. निम्मं गिऱ्हाईक केबलवाल्यानं केव्हाच पळवलंय. अशात एक मुलगा ऑफिसच्या कामाला सिंगापूरला निघालाय आणि म्हणतोय, येताना तुम्हाला डीव्हीडीचा प्लेअर आणतो, बरोबर चार सिनेमे. चारच, कारण पाचव्याची तुमची ऐपत नाही. ह्या नव्या डिस्कमध्ये चित्र इतकं स्वच्छ दिसतं म्हणे, की नटाच्या मानेवरची पावडर कुठं संपते तेही कळतं. तर सांगा, एवढ्या कॅसेटींमधले कोणते चार सिनेमे इतके स्वच्छ बघण्याच्या लायकीचे आहेत?

लगेच सांगू नका. विठोजीरावांनीही लगेच सांगितलं नव्हतं.

नव्याण्णव साल होतं. विठोजीराव बंगळूरच्या जुन्या मराठ्यांपैकी. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड आणि कपाटात हिंदी अशी त्यांची विभागणी होती. सिनेमे ते फारसे बघत नसत. ते फीत बघत. परत आलेली कॅसेट दुपारच्या रिकाम्या वेळी मशीनला लावायची आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा कुठं उमटतात ते बघायचं. फीत ज्या जागी पुन्हा पुन्हा मागं नेली जाते, थांबवून धरली जाते, तिथला तिच्यावरचा थर झडतो आणि रेघा येतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा झिजलेला सिनेमा म्हणजे सगळ्या घरानं बसून बघितलेला सिनेमा. तो घ्यावा. नुसत्या गाण्यांपाशी झिजला असेल तर लोकांना गाणी हवी आहेत, सिनेमा नको. मारामारीपाशी झिजला असेल तर घरात कॉलेजातली मुलं आहेत, आणि त्यांची आवड पुढच्या महिन्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही.

ह्या पद्धतीनं तीन सिनेमे ठरले. चौथ्यापाशी घोडं अडलं. कारण कपाटात एक कॅसेट अशी होती, की सुरुवातीला नवीकोरी, शेवटाला नवीकोरी, आणि मध्ये एकाच जागी टक्कल पडलेलं.

सिनेमा तसा टुकारच. सत्तरच्या आसपासचा. नाव कॅसेटवर होतं, पण कुणाच्या लक्षात नव्हतं, सगळी गल्ली त्याला ‘लालबागवाला’ म्हणायची, कारण त्यातलं एक गाणं इथल्या लालबागेत घेतलं होतं. नायक फुलांच्या ताटव्यांतून नायिकेमागं धावतो. मागं दोरीपलीकडे शूटिंग बघायला जमलेली गर्दी दिसते. त्या गर्दीत चौकड्यांचा मफलर गुंडाळलेला एक माणूस शेंगा खात उभा आहे. तो माणूस म्हणजे सूर्यकांतराव.

सूर्यकांतराव दोन गल्ल्या पलीकडे राहत. छापखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. फार पूर्वी, म्हणजे सिनेमा थिएटरात लागला तेव्हा, ते ‘मफलरवाल्याजवळ मी उभा होतो’ असं सांगत. वर्षं गेली तसं त्यातलं ‘जवळ’ गळून पडलं. कुणी गाळलं ते कळायला मार्ग नाही. सासरेबुवांनी मुलगी देण्याआधी घरातली सगळी वडीलधारी मंडळी मॅजेस्टिकच्या थिएटरात नेऊन जावई पडद्यावर दाखवला होता, असं म्हणतात. पुढं घरोघरी व्हिडिओ आला आणि सूर्यकांतरावांच्या घरात एक रीतच पडली. बहिणीचं असो, पुतणीचं असो, थोरल्या मुलीचं असो, लग्नाच्या बोलणीला पाहुणे आले की आधी केसरीभात, मग लालबाग. मफलर आला की चित्र थांबवायचं. थांबवलेलं चित्र थरथरायचं. घरातलं कुणीतरी बोट ठेवून म्हणायचं, “हे बघा, हे आमचे.” आणि पाहुणे म्हणायचे, “हो हो, अगदी.” दर बोलणीला रेघा वाढत गेल्या, आणि पाहुण्यांचा विश्वासही.

आता धाकटीच्या आधीची, अक्षरा, लग्नाची होती. ती मल्लेश्वरमच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. मुलगा पुण्याचा, मल्हार, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं होतं, पुण्याहून त्याचे आईवडील येऊन बोलणी व्हायची राहिली होती. आणि सिंगापूरला निघालेला मुलगा तो हाच.

“काका, चौथा लालबागवाला सांगा ना,” मल्हार गल्ल्यावर कोपर टेकून म्हणाला. “आईला मी फोनवर सांगून ठेवलंय, अक्षराचे बाबा सिनेमात आहेत म्हणून. ती म्हणाली, आधी बघू.”

“बघू म्हणाल्या?”

“मुख्याध्यापिका आहे ती. सगळंच आधी बघते.”

त्याच संध्याकाळी सूर्यकांतराव आले. स्टुलावर बसले आणि पंख्याकडे बघत म्हणाले, “विठोजी, त्या सिनेमात पैसे घालू नको. टुकार आहे.”

“तुम्ही आहात की त्यात.”

“मी आहे रे. सिनेमा टुकार आहे.”

“पण चित्र स्वच्छ येईल. कॅसेटमध्ये तुमचं नाकसुद्धा दिसत नाही.”

“नाक कशाला दिसायला पाहिजे? नाक मी इथं घेऊनच बसलोय.” मग ते जरा पुढं झुकले. “अक्षराचं ठरू दे. मग काय हवं ते आण. पुण्याची माणसं आहेत, बारीक बघतात.”

विठोजीराव काय समजायचं ते समजले. एका बाजूला त्यांची स्वतःची पद्धत सांगत होती की एकाच जागी झिजलेला सिनेमा घेऊ नये. दुसऱ्या बाजूला मित्राची अब्रू होती आणि तिलाही तो न घेणंच सोयीचं होतं. निर्णय इतका सोपा क्वचितच असतो. त्यांनी चौथा म्हणून एक भक्तिपट ठरवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुमतीअक्का आल्या. सूर्यकांतरावांच्या पत्नी.

“अण्णा, ह्या वेळी स्वच्छ दिसू द्या,” त्या म्हणाल्या. “पुण्याहून एवढी माणसं येणार, त्यांना काय रेघा दाखवू?”

“अक्का, कधी कधी स्वल्प अस्पष्टच बरं असतं.”

“कुणाला बरं?”

विठोजीरावांनी सभासदांची वही पुढं ओढली. आणि व्यवहार बघायचा तर इतकी वर्षं ती कॅसेट नेणाऱ्या, भाडं देणाऱ्या, वेळेवर परत आणणाऱ्या त्याच होत्या. लायब्ररीच्या सभासद वसुमतीअक्का होत्या. सूर्यकांतराव फक्त सिनेमात होते.

भक्तिपट गेला, लालबागवाला आला.

मल्हार सिंगापूरहून परतल्यावरच्या रविवारी सकाळी विठोजीरावांनी प्लेअर स्वतः कडेवर घेऊन सूर्यकांतरावांच्या घरी नेला. वायरी जोडल्या. मल्हारची आई सुचेताताई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, चष्मा पुसून झालेला. शेजारी मल्हारचे वडील. अक्षरा आतून केसरीभाताच्या बशा आणत होती. सूर्यकांतरावांनी टीव्हीपासून सगळ्यांत लांबची जागा धरली होती आणि वर्तमानपत्र उघडलं होतं, ते परवाचं होतं.

गाणं सुरू झालं. हिरवळ इतकी हिरवी होती की सुचेताताईंनी “अगंबाई” म्हटलं. मफलर आला. विठोजीरावांनी चित्र थांबवलं. ते थरथरलं नाही. हललंच नाही. एखादा फोटो काढून भिंतीवर लावावा तसं ते तिथं राहिलं.

मफलरवाला पन्नाशीचा होता. डोक्यावर मध्यभागी केस नव्हते आणि मिशी पिकलेली होती. शेंगेचं टरफल खालच्या ओठाला चिकटलं होतं, तेही दिसत होतं.

सिनेमा निघाला तेव्हा सूर्यकांतराव तिशीचे होते. ते आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्या माणसापेक्षा तरुण दिसत होते.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मल्हार इंजिनिअर होता. त्याच्या मनात आकडेमोड चालू झालेली तोंडावर दिसली. तो वर्तमानपत्राकडे वळून म्हणाला, “पण काका, तेव्हा तुम्ही—”

“मल्हार, स्वल्प अजून घ्या,” म्हणत वसुमतीअक्कांनी त्याच्या बशीत केसरीभाताचा डाव उलटा केला. मग त्या उठल्या, टीव्हीजवळ गेल्या, कमरेत वाकून पडद्याकडे नीट बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. आणि त्यांनी मफलरवर बोट ठेवलं.

“हे बघा, हे आमचे,” त्या म्हणाल्या.

वर्तमानपत्र किंचित खाली आलं.

सुचेताताईंनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा वर्तमानपत्राकडे, आणि मग बराच वेळ वसुमतीअक्कांकडे. बोट अजून पडद्यावरच होतं.

“हो हो,” सुचेताताई म्हणाल्या. “अगदी.” आणि त्यांनी बशी खाली ठेवून विचारलं, “मग साखरपुडा इथंच करायचा का?”

दुसऱ्या दिवशी वसुमतीअक्का प्लेअर आणि डिस्क परत घेऊन दुकानात आल्या.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण धाकटीच्या वेळी आपली कॅसेटच द्या. टाकून तर नाही ना दिलीत?”

“नाही.”

“सरी,” असा कन्नड होकार देऊन त्या गेल्या.

त्यांना हे रविवारी कळलं की मॅजेस्टिकच्या थिएटरातच कळलं होतं, हे विचारायचं विठोजीरावांच्या जिभेवर आलं होतं. तोवर त्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या.

त्यांनी डिस्क लावली आणि मफलरापाशी थांबवली. आता घाई नव्हती, तेव्हा त्यांनी मफलरवाला सोडून बाकीची गर्दी बघायला घेतली. मफलरवाल्याच्या खांद्यामागं कुणीतरी उभं होतं. एक कान, अर्धी भुवई आणि पांढऱ्या शर्टाची बाही, बाकी सगळं खांद्याआड. त्यांना ते जुनं ‘जवळ’ आठवलं. ते खुर्ची ओढून पुढं बसले. मग मागं जाऊन बघितलं. पडद्याची काच फडक्यानं पुसली. कान होता तेवढाच राहिला, कडेला पुसटलेला.

मल्हार साखरपुड्याची तारीख सांगायला आला तेव्हा ते तसेच बसले होते.

“मल्हार, ह्याच्याहून स्वच्छ काही निघणार आहे का रे?”

“निघणार की, काका. जपानात काम चाललंय म्हणे. ह्याच्या कितीतरी पट स्वच्छ. पण महाग असेल हं. तुम्हाला कुठला सिनेमा घ्यायचाय त्यात?”

विठोजीरावांनी फडक्याच्या टोकानं पडद्यावरची जागा दाखवली.

“त्याच्यात हा कान कुणाचा, ते कळेल का?”