जिजीच्या भावाचा पाट

मेलेल्या माणसाला जेवायला काय आवडायचं, हे आमची कारभारीण गावभर विचारत हिंडायची. सर्वपित्री अमावस्या जवळ आली की तिचं हे सुरू. सगळं गाव तिला जिजी म्हणायचं. माहेर-सासर एकाच गावात, त्यामुळं कुणाच्याही चुलीपर्यंत जायला तिला आडकाठी नव्हती.

आमच्या एसटी थांब्याजवळ चिंचेखाली एक दगड आहे. गावातून फौजेत गेले आणि लढाईत मेले त्यांची नावं त्यावर कोरली आहेत. पंधरा ऑगस्टला त्याला हार पडतो, मग वर्षभर शेरडं अंग घासतात. जिजी म्हणायची, "हार खात्यात व्हय? निम्मी पोरं लगीन न होता गेली. त्यांच्या नावानं पान कोन वाढनार?" म्हणून अमावस्येला ती दगड धुवायची आणि एकेका नावाखाली द्रोण ठेवायची. ज्याला जे आवडायचं, ते त्याच्या द्रोणात.

सगळ्यांना सरसकट खीर तिला पटायची नाही. एके वर्षी मंडळाच्या पोरांनी पाहुणा बोलावला आणि संगमनेरहून पेढे आणून दगडावर मांडले. जिजीनं शंकरच्या नावाखालचा पेढा उचलला. "हा लग्नात जिलबी शेजारच्याच्या पानात टाकायचा. ह्याला ठेचा-भाकर लागती." पाहुणा म्हणाला, "आजी, ते वीर आहेत." जिजी म्हणाली, "तुमचा वीर आसंल. माझ्या बोरीला दगडं मारायचा शंकऱ्या हाय त्यो." आणि पेढा पाहुण्याच्याच हातावर ठेवला.

दगडावर एक नाव ख्रिस्ती वस्तीतल्या योहानचं आहे. त्याचा पुतण्या नगरला सावेडीत राहतो. तो एकदा म्हणाला, "जिजी, आमच्यात असं ठेवत नाहीत." ही म्हणाली, "तू नको ठेवू. पर समदे पंगतीला बसल्यावर त्याला एकट्याला उठवू का?" दुसऱ्या वर्षी पुतण्या स्वतःच खारी घेऊन आला. योहानला चहा-खारी आवडायची.

पण एका नावाखाली जिजीनं कधीच द्रोण ठेवला नाही. रंगा, तिचा सख्खा भाऊ. पाकिस्तानच्या लढाईत गेला, सापडला नाही एवढाच सांगावा आला. गावानं वाट बघितली आणि शेवटी नाव कोरलं. जिजी ते नाव फडक्यानं पुसायची आणि पुढं जायची. "मेलेला कुनी पाह्यलाय? जित्या मान्साचं पान हितं वाढत न्हाईत."

त्याचं पान ती घरात वाढायची. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळून रश्श्यात शिजवायची, चुलीपुढं पाट मांडायची, शेजारी तांब्या. एकदा मी विसरून त्या पाटावर बसलो. म्हणाली, "उठा. त्यो आला तर तुमच्या मांडीवर बसंल का?"

मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, "अगं, आता असता तर त्याचे दात पडले असते."

"मग मऊ शिजवीन," ती म्हणाली. आणि तेव्हापासून खरंच मऊ शिजवायला लागली.

या उन्हाळ्यात जिजी गेली. नगरच्या दवाखान्यात शेवटी मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "औंदा रंगाचं पान दगडापाशीच ठेवा."

मला वाटलं, तिनं मान्य केलं. विचारलं तर म्हणाली, "मी गेल्यावर घरी आला तर त्याला वळखनार कोन? दारातनं माघारी जाईल. तिथं निदान वळखीची चार पोरं हायेत."

अमावस्या आली. भावकी म्हणाली, घरात दुःख आहे, यंदा राहू द्या. मी म्हणालो, ते कशाला उपाशी राहतील. दगड धुतला. शंकरला ठेचा-भाकर, योहानला चहा-खारी, ज्याचं त्याला मांडलं. शेंगोळी मला नीट वळता आली नाहीत, बोटाएवढी जाड झाली. ती रंगाच्या नावाखाली ठेवली आणि सांगितलं, "जेव बाबा. तुझ्या बहिणीनं सांगितलंय."

घरी आलो तर चुलीपुढं पाट मांडलेला. सकाळी सवयीनं मीच मांडला असणार. उचलायला वाकलो आणि तसाच सरळ झालो. रंगा आणि मी एकाच ओढ्यात पोहायला शिकलो. आता कितीही म्हातारा होऊन आला तरी मी त्याला ओळखीन की. हे जिजीला दवाखान्यात सांगायला सुचलं नाही.

पाट राहू दिला. पातेल्यात थोडी शेंगोळी होती, ती ताटात वाढून झाकून ठेवली. मऊ शिजली आहेत.