आठळी, अर्थ दुसरा

श्री. रघुपती राव, वय बहात्तर, राहणार चामराजपेट. पद: बंगळुरूच्या घरगुती मराठीच्या शब्दसंग्रहाचे एकमेव संपादक. कार्यालय: जेवणाचं टेबल. निम्मे शब्द पत्नी वसुमती पुरवीत. पक्षाघातानंतर पाच महिने त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

दिवाळीला लेक संहिता इटलीहून गोड चेस्टनट घेऊन आली. उकडून, सोलून तिने एक आईला भरवला.

“अण्णा, याला मराठीत काय म्हणायचं? शिंगाडा?”

“शिंगाडा पाण्यातला, हा झाडावरचा. याला आपल्याकडे शब्दच नाही गं.”

“आठळी,” वसुमती म्हणाल्या.

रघुपती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकले. मग संहिता हळूच म्हणाली, “अम्मा, आठळी फणसाची असते.”

“स्वल्प थांब. संपादक कोण, तू का मी?” रघुपतींनी एक चावून पाहिला. चव खरोखरच उकडलेल्या आठळीची होती.

त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: ‘आठळी: १. फणसाची बी. २. गोड चेस्टनट. व्युत्पत्ती: पहिल्या अर्थी संस्कृत अष्ठि, म्हणजे फळातली बी, दुसऱ्या अर्थी वसुमती. वापर: प्रचलित.’

वसुमती मार्चमध्ये वारल्या. तोवर त्या आणखी काही बोलल्या नाहीत.