ठरलेली बाजू

वादविवाद स्पर्धा म्हटलं की माझं डोकं फिरतं. हरले म्हणून नाही. मी पहिली आले होते.

ज्यांना हे खूळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक कॉलेजातून दोघांची जोडी जाते. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात. म्हणजे ज्याच्याबरोबर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायचं, त्यालाच स्टेजवर खोटं पाडायचं. दोघांचे गुण जोडून कॉलेजला फिरती ढाल मिळते. आमची दोन्ही भाषणं मराठीचे सरच लिहायचे. आम्ही नुसते पोपट. पाठ करायचं, सर सांगतील तिथं हात उचलायचा, शेवटी एक शेर ठोकायचा आणि घंटा व्हायच्या आत खाली बसायचं.

त्या वर्षी घनसावंगीकडच्या एका कॉलेजनं विषय ठेवला: आरक्षण आर्थिक निकषावर असावे. आमच्या जिल्ह्यात या विषयावर चहाच्या टपरीवरसुद्धा लोक आधी आजूबाजूला बघतात, मग तोंड उघडतात. सरांना मात्र क्षणभरही विचार करावा लागला नाही. माझा जोडीदार गावातल्या जुन्या जमीनजुमल्याच्या घरातला, त्याला अनुकूल बाजू. मी बौद्ध, मला प्रतिकूल.

"तुला तर लिहून द्यायचीबी गरज न्हाई," सर हसत म्हणाले. "तुझा घरचाच विषय हाय."

ऐकून तिडीक गेली डोक्यात. पाणीटंचाईवर बोलले, मोबाइलच्या वेडावर बोलले, तेव्हा माझं घर कुणाला आठवलं नव्हतं. मला एकच हवं होतं. मी कोण आहे ते बाजूला ठेवून मी कशी बोलते ते लोकांनी एकदा तरी ऐकावं. जे मत मला मुळीच पटत नाही, तेच भरल्या हॉलला पटवून दाखवायचं. जमलं तर मी वक्ता, नाहीतर सर म्हणतात तेच खरं.

एकाच खोलीत सराव करून करून आम्हाला एकमेकांची भाषणं तोंडपाठ झाली होती. जीपमध्ये मी त्याला म्हणाले, "आपण बाजू बदलू."

"सर खवळतील."

"सर गाडीवर मागून येऊन राह्यले. ते पोचायच्या आत नावं देऊन टाकू."

"अन् आमच्या चुलत्यानं ऐकलं, मंग?"

"तुझा चुलता कापूस सोडून भाषण ऐकायला येणारे का?"

तो हसला. तेच ते बोलून त्यालाही वीट आला असावा. टेबलावर नावं देताना आम्ही बाजू उलट सांगितल्या. सर आले तेव्हा बोलण्याच्या क्रमाच्या चिठ्ठ्याही काढून झाल्या होत्या. पहिल्या रांगेत बसून ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून माझ्याकडे बघत होते.

मी बोलले, आणि काय बोलले! सरांच्या भाषणातली अर्धी वाक्यं गाळली, माझी घातली. समोरचा काय म्हणेल ते मला आधीच ठाऊक होतं, कारण ते माझंच म्हणणं होतं. एकेक मुद्दा खोडत गेले तसा हॉल गप्प झाला, मग टाळ्या पडल्या. त्या वेळी मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. जोडीदारही तोडीस तोड बोलला. मी पहिली, तो दुसरा, ढाल आमची.

मग परीक्षक उठले. जोडीदाराबद्दल म्हणाले, "या विद्यार्थ्याचा अभ्यास दांडगा आहे. न पटणारी बाजूही किती ताकदीनं मांडली!"

माझं आडनाव पुकारलं तेव्हाच हॉलला काय कळायचं ते कळलं होतं. माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "आणि ही मुलगी! त्यांच्यातलीच असून खरं बोलली. आता तरी बाकीच्यांनी डोळे उघडावेत."

केवढ्या टाळ्या! त्याचा अभ्यास, आणि माझी कबुली. तळपायाची आग मस्तकात गेली. मी माइक मागितला. सूत्रसंचालक गोड हसून म्हणाला, "ताई, आता आभारप्रदर्शन हाय."

कुणीतरी माझ्या भाषणाची क्लिप काढली होती. मी वडीगोद्रीला घरी पोचायच्या आधी ती पोचली. पप्पा शाळेत शिक्षक आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांचे सहकारी त्यांना ती दाखवत राहिले: गुर्जी, तुमची पोरगी बराबर बोलली बघा. संध्याकाळी पप्पा जेवायला बसले, पण घास काही तोंडात जाईना.

"स्पर्धा होती पप्पा," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी होती, बेटा," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी कॉलेजात सर पेढे वाटत होते. माझ्यावरचा राग कुठल्या कुठं पळाला होता. "परभणीला हाच विषय हाय," मला बघताच ते म्हणाले. "आता अनुकूल बाजू तुझीच, बिलकुल पक्की. तुझ्या तोंडून ते लोकांना लय पटतंय."

जोडीदार पेढा हातात धरून खाली बघत होता.

"मी न्हाई बोलणार," मी म्हणाले.

"का? कारण सांग की!"

कारणं ढीगभर होती, मुद्देसूद, घंटेच्या आत बसतील अशी. एकही सांगितलं नाही. दप्तर उचललं आणि घरी जायला निघाले.