तिसऱ्या मजल्यावरची रेसगाडी

आमच्या साडूंइतका अन्यायी माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात शोधून सापडणार नाही, आणि जगातला सगळा अन्याय आपल्या एकट्यावरच होतो अशी त्यांची ठाम समजूत आहे. दूधवाल्याने पिशवी दाराच्या डाव्या कडीला अडकवली की तो अन्याय. बँकेत पेन दोरीने बांधून ठेवलेलं दिसलं की तो अपमान. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर पुढचा ट्रेलर तासभर जागचा हलला नाही, तर हलत नाही याचा त्यांना राग नाही, त्याचा मागचा दिवा एकाच बाजूचा पेटतो याचा राग. लग्न करताना माणसं मुलगी बघतात, घराणं बघतात, पत्रिका बघतात; साडू कोणीच बघत नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, इतकी समजूतदार बाई आहे की तिचे यजमान असे निघतील अशी शंका घ्यायला मला जागाच नव्हती.

साडू एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला. दिवसभर कंटेनरचे कागद तपासायचे आणि त्यातल्या चुकांवर संतापायचं, हे काम त्यांच्या स्वभावाला इतकं मानवलं होतं की त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण एकदा कसल्याशा कामासाठी ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेले आणि एका भंगारवाल्याच्या ढिगात त्यांना एक मोटरसायकलचा सांगाडा दिसला. परदेशी, टू-स्ट्रोक, जुन्या काळातली मोटोक्रॉसची गाडी. म्हणजे खड्ड्यांतून आणि ढिगाऱ्यांवरून उड्या मारत शर्यतीत पळवायची. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, मागे कोणाला बसवायची सोय नाही, रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. थोडक्यात, रोडपालीच्या सोसायटीत लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला जिचा काडीचा उपयोग नाही अशी वस्तू. ती साडूंनी वजनावर विकत घेतली आणि तीन मजले चढवायला मला बोलावलं. माझी कंबर तेव्हापासून जी धरली आहे ती आजतागायत सुटलेली नाही. वर पोचल्यावर पाणीही न विचारता साडू मला म्हणाले की साडूभाऊ, तुम्ही मागचं चाक भिंतीला घासलंत.

चाकावर टायर नव्हता. घासलं असेल तर भिंतीला लागलं असेल, चाकाला नव्हे. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग होत नाही.

पुढची काही वर्षं आमच्या दोन्ही घरांवर एका शब्दाने राज्य केलं: ओरिजिनल. गाडीत जे काही बसवायचं ते ओरिजिनल. जो वॉशर इंजिनाच्या पोटात जाऊन पुन्हा कोणाच्या बापाला दिसणार नव्हता, तोसुद्धा ओरिजिनल. मी एकदा हौसेने मुंबईहून छान लाल मडगार्ड आणलं, तर साडूंनी ते दोन बोटांत धरून असं काही पाहिलं, जणू मी त्यांच्या घरात मेलेला उंदीर घेऊन आलो होतो. पिस्टनसाठी त्यांनी पनवेलच्या मोहल्ल्यातल्या एका घड्याळजी चाचांना गळ घातली. चाचांचा जावई आखातात होता. बिचाऱ्याने तिथल्या दुकानांत उन्हातान्हात फिरून पिस्टन मिळवला, खजुराच्या डब्यात लपेटून आणला, आणि साडूंनी आभार मानायच्या ऐवजी खजुराचा चिकटा लागल्याबद्दल चाचांना पाऊण तास सुनावलं. चाचा भले माणूस. ते शांतपणे म्हणाले, "भाई, पिस्टन गोड लागला म्हणून इंजिन रागावनार नाय." साडू मात्र रागावले होतेच.

इंजिनाचं काम घरी करायचं तर बेअरिंग बसवण्याची एक रीत असते. बेअरिंग गार करून आकसवायचं आणि इंजिनाचं कवच गरम करून फुगवायचं, म्हणजे एकात दुसरं अलगद बसतं. रीत बरोबर आहे, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की गार करायला ताईचा फ्रीज आणि गरम करायला ताईचा ओव्हन वापरायची गरज नव्हती. मटारांच्या पिशवीखाली बेअरिंग आणि नानकटाईच्या ट्रेवर इंजिनाचं अर्धं कवच, असा संसार त्या बाईने केला. त्या दिवाळीला तिच्या घरच्या नानकटाईला मशीन ऑइलचा असा खमंग वास होता की माझ्या बायकोने एक खाऊन उरलेल्या माझ्या ताटात सरकवल्या. मी कुरकुर केली, तर साडू उलट माझ्यावरच उखडले. आपण ओव्हन पुसून दिला होता आणि नाक माझंच बिघडलं आहे, असं त्यांचं म्हणणं. ताई हसली आणि आत गेली. ही बाई का हसते, याचाही मला तेव्हा रागच यायचा.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस सोसायटी विसरणार नाही. साडूंनी ती गॅलरीतच सुरू केली. शेजारच्या काकूंनी गॅलरीच्या कठड्यावर पापड वाळत घातले होते आणि गाडीचा सायलेन्सर नेमका त्यांच्या दिशेला होता. टू-स्ट्रोकचा तो निळा धूर ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. वर्षाचे उडदाचे पापड एका किकमध्ये खलास. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तक्रार केली, तर साडूंनी उत्तर दिलं की कठडा ही सामाईक जागा आहे आणि तिथे पापड घालणं हेच मुळात बेकायदा. तिसऱ्या मजल्यावर रेसची गाडी ठेवणारा माणूस पापडांचा कायदा काढत होता.

मग मात्र ताई बोलली. तिने आवाज चढवला नाही. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, एक शर्यत पुरी करून दाखवा. केलीत तर गाडी जन्मभर गॅलरीत राहील, मी चकार शब्द काढणार नाही. नाही झाली, तर टेम्पो मैदानावरून थेट कळंबोलीला. जिथून आली तिथे." साडूंचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता हा माणूस ताट भिरकावतो. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की साडूभाऊ साक्षीला आहेत, दिला शब्द. त्यांचा शब्द ही एकच वस्तू अशी होती की तिच्याबद्दल मला कधी तक्रार करता आली नाही.

त्या सुमारास उरण रस्त्याकडच्या एका गावात, भातं कापून झाली की मोकळ्या शेतांत मोटरसायकलींच्या शर्यती व्हायच्या. जमिनीचे पैसे आलेल्या घरांतली पोरं ती भरवत. मातीचे ढिगारे रचायचे, दोरी बांधायची, मोठे कर्णे लावायचे, झाली शर्यत. साडूंनी नाव घातलं. सकाळी गाडी खाली उतरवली, अर्थात माझ्याच कंबरेच्या जोरावर, आणि टेम्पो यायच्या आधी ताई पूजेचं तबक घेऊन खाली आली. मला आश्चर्य वाटलं. गाडी भंगारात गेली तर सगळ्यात सुखी व्हायची ती हीच. पण ती म्हणाली, वाहन आहे, घराबाहेर पडतंय, हळदकुंकू तरी लावू दे. या गाडीच्या पेट्रोलमध्ये मोजून ऑइल मिसळावं लागतं; साडू टाकीचं झाकण काढून जिन्यापाशी ऑइल मापत बसले होते आणि ऑइल विकणाऱ्या कंपनीने डब्याला तोटी नीट ठेवली नाही म्हणून तिचा उद्धार करत होते. मी गाडी धरून उभा. पेट्रोलच्या वासाने ताईचं डोकं चढतं, म्हणून तिने कुंकवाचं बोट लावलं न लावलं आणि लांब जाऊन, लग्नात मागच्या रांगेतून टाकतात तशा, मूठभर अक्षता उधळल्या. मी डोळे मिटून घेतले. सगळ्या अक्षता माझ्याच डोक्यावर पडल्या असं मला वाटलं आणि मी त्याबद्दल मनातल्या मनात चिडलोसुद्धा.

मैदानावर साडूंनी ऑफिसची पँट बुटात खोचली, ताईने शिवलेली कोपरांची गादी बांधली आणि अंगावर झगमगीत रंगीत कपडे घातलेल्या पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. जुन्या गाड्यांचा वेगळा गट नव्हता. तो का नाही, यावर संयोजकांशी त्यांचं आधीच वाजलं होतं. कर्ण्यावर एक पोरगा बोलत होता. तो म्हणाला, "आपल्या काकांसाटी टाळ्या झाल्या पायजेत. गाडी काकांच्या वयाची हाय." झालं. साडूंनी गाडी स्टँडवर लावली, रांग सोडली, चालत मंडपापर्यंत गेले आणि गाडी आपल्यापेक्षा बरीच लहान आहे हे त्याच्याकडून कर्ण्यावर दुरुस्त करून घेतलं. सगळी शर्यत तोवर थांबली होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. ताई मात्र पदराने तोंड झाकून हसत होती.

पण मग झेंडा पडला, आणि इथे मला कबूल करायलाच हवं, माझा साडू गाडी चालवत होता. पोरं उड्या मारत पुढे गेली, धुळीत दिसेनाशी झाली. साडू सगळ्यांच्या मागे, पण पायदानांवर उभे राहून, गुडघे वाकवून, एकेक ढिगारा असा सावकाश आणि नेटका ओलांडत होते जसे ते कागद तपासत असतील. प्रत्येक फेरीला आमच्या समोरून जाताना इंजिनाचा तो कर्कश, भरदार आवाज यायचा. एक पोरगा पडला, दुसऱ्याची साखळी तुटली, साडू चाललेच होते. शेवटची फेरी लागली. मी, ज्याने त्या गाडीला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तो दोरीला धरून ओरडत होतो. ताई ओरडत नव्हती. तिने दोरी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. शेवटचं वळण साडूंनी घेतलं, शेवटची रेषा समोर दिसत होती, आणि इंजिन दोनदा ठसकून गप्प झालं.

त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. झेंडेवाला पोरगा म्हणाला, "काका, बाजूला घ्या, पुढची रेस हाय." आम्ही दोघं दोरीखालून वाकून आत धावलो, ताई पाण्याची बाटली घेऊन. साडूंनी पेट्रोलची नळी काढली तर थेंब येत नव्हता. टाकी हलवली तर आत पेट्रोल डुचमळत होतं. मग त्यांनी पान्याने टाकीचा कॉक खोलला आणि खाली तळहात धरला. तळहातावर आधी आल्या त्या अक्षता. कुंकवाने लाल झालेल्या, तोंडाशी घट्ट जमून बसलेल्या, आणि त्यांच्यामागून पेट्रोल. कॉकला एक बारीक जाळी असते. तिची ओरिजिनल मिळेना म्हणून साडूंनी दुसरी बसवूच दिली नव्हती.

मी डोळे मिटले. दुधाच्या पिशवीवरून आणि खजुराच्या चिकट्यावरून पेटणारा हा माणूस आता काय करील, ते मला बघायचं नव्हतं. काहीच ऐकू आलं नाही म्हणून डोळे उघडले, तर साडू तळहाताकडे बघत होते. ताईही बघत होती. तिला कळलं होतं. तिच्या चेहऱ्याचा रंगच गेला होता. साडूंनी मूठ मिटली, पँटच्या खिशात घातली आणि झेंडेवाल्याला म्हणाले, "जुनी गाडी आहे बाबा. व्हायचंच असं." त्या गाडीला जुनी म्हणणाऱ्या माणसाशी त्यांनी थोड्याच वेळापूर्वी भांडण केलं होतं. मला संताप आला. ज्या एका गोष्टीवर रागवायचा या माणसाला पुरेपूर हक्क होता, ती त्याने खिशात घातली, आणि आम्ही मात्र इतकी वर्षं वॉशरवरून बोलणी खाल्ली.

टेम्पोत गाडी चढवली. चालकाला सकाळीच सगळं सांगून ठेवलं होतं, त्याने विचारलं, "कळंबोलीलाच ना, लोखंड बाजारात?" साडू समोर बघत म्हणाले, "हो. शब्द दिलाय." ताई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "रोडपालीला घ्या. गाडीने शर्यत सोडली नाही, मी सोडायला लावली. आणि गतिरोधकावर जरा हळू." साडूंनी मान वळवून मागे पाहिलं आणि दोरी टाकीवरून का बांधली, तिला चरे पडतील, म्हणून टेम्पोवाल्यावर असे तुटून पडले की तो बिचारा घाबरून गाडी कडेला घेऊ लागला. तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

ती शर्यत पुरी करायची राहूनच गेली. पुढच्या वर्षी त्या शेतांवर मुरमाचा भराव पडला होता आणि त्यावर कंटेनर उभे होते. त्यानंतर साडूंचा गुडघा गेला. आता त्यांना किक मारता येत नाही, म्हणून दर दसऱ्याला मला बोलावणं येतं. मी तीन मजले चढतो, किक मारतो, आणि पाय चुकीच्या ठिकाणी ठेवतो म्हणून बोलणी खातो. त्याआधी ताई पूजा करते. शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी निरोप गेलेला असतो. ताई टाकीचं झाकण स्वतःच्या हाताने घट्ट पिळून बघते, पेट्रोलचा वास येत असतानाही गाडीच्या अगदी जवळ उभी राहते आणि अक्षता उधळत नाही, एकेक करून टाकीवर ठेवते. इंजिन सुरू झालं की साडू टाकीवर हात ठेवून उभे राहतात. टाकी थरथरते, अक्षता थरथरत्या टाकीवरून घसरून त्यांच्या बोटांशी येतात, आणि तेवढा वेळ त्यांना कशाचाच राग येत नाही. मग धूर फार झाला म्हणून ताई सांगते आणि मला इंजिन बंद करावं लागतं. अजून थोडा वेळ चालू दे असं दरवर्षी मनात येतं, पण मी ते अजून बोललेलो नाही.