एका सर्बियन क्रियापदामागे दुबईला

लोक दुबईला सोनं घ्यायला जातात, नाहीतर उंच इमारतीसमोर तिरकी मान करून फोटो काढायला. मी एका क्रियापदासाठी गेले. व्हिसाच्या अर्जात तसा पर्याय नव्हता. 'नातेवाईकांची भेट' असं निवडलं, आणि ते खरं ठरावं म्हणून मावसबहिणीला तीनदा फोन करून विचारलं, तू आहेस ना नक्की तिथे?

आधी थोडं मागचं. मी लहान असताना बाबा सर्बियात, नोवी सादला, एका कारखान्यात इंजिनिअर होते. मला तिथल्या शाळेत घालायचं की नाही याचा निर्णय होईपर्यंत आईने घरीच शाळा भरवली. भाषा मी शिकले खाली अंगणात, शेजारच्या मुलांबरोबर भांडून. आईच्या शाळेचा नियम एकच होता: क्रियापद आधी करून दाखवायचं, मग लिहायचं. 'लोळणे' लिहायला मी जमिनीवर लोळले आहे. आज मी सर्बियनमधून इंग्रजीत अनुवाद करते, आणि अजूनही खुर्चीतून उठून हातवारे करते. लोक कॅफेत बसून काम करतात. मला ते जमत नाही, त्याचं कारण हे.

बाबांचे जुने मित्र सामंत काका मूळचे सावंतवाडीचे. दुबईत त्यांचा व्यापार आहे. एका छोट्या सर्बियन कारखान्याचे लाकडी पाळणे ते मागवतात आणि तिथल्या भारतीय दुकानांना विकतात. सोबतच्या पुस्तिकेचं इंग्रजी त्यांनी कॉम्प्युटरकडून करून घेतलं होतं. दुकानदार म्हणाले, माणसाची सही हवी. काकांनी मला फोन केला. "ये बाळा, तिकीट माझं. पुस्तिका वाच, सही कर, मॉल बघ, परत जा."

पुस्तिकेत एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येत होतं: ल्युल्याती. सर्बियन माणूस बाळाला ल्युल्याती करतो, बागेतल्या झोक्यावर ल्युल्याती करतो, आणि वादळात बोटही तेच करते. इंग्रजीला एवढा सैलपणा परवडत नाही. तिथे आधी ठरवावं लागतं: जागच्या जागी हळू डोलवायचं असेल तर 'रॉक', लांब झोका द्यायचा असेल तर 'स्विंग'. कॉम्प्युटरने सगळीकडे 'स्विंग' घातलं होतं. म्हणजे दोन महिन्यांच्या बाळाला झोका द्या, जेवणानंतर झोका द्या, झोप येईपर्यंत झोका द्या.

मुंबईहून विमान तीन-सव्वातीन तासांचं. जाणाऱ्यांसाठी सूचना: दिरहमचे रुपये करत बसू नका, भूक मरते. मी केले. विमानतळावरचं सँडविच बत्तीस दिरहम, म्हणजे साडेसातशे रुपये. मी पाणी प्यायले.

माझी मावसबहीण गौरी अल बर्शाला राहते. घरात तिचा नवरा, सात वर्षांची इरा, चार महिन्यांचा ओम, आणि बाळासाठी चिपळूणहून आलेल्या तिच्या सासूबाई, माई. पाळणा हॉलमध्येच होता, काकांनी भेट दिलेला. लाकडी चौकटीत टांगलेला, सुबक, गुळगुळीत. बाजूला चकचकीत स्टिकर: 'सॉफ्ट स्विंग, हॅपी बेबी'. आणि पाळण्याच्या कडेला बांधलेली एक लांबलचक दोरी, सुती साडीच्या किनारीची, जी हॉल ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेली होती. माई तिथे मटार सोलत होत्या आणि मधूनमधून दोरीला हिसका देत होत्या. दर हिसक्याला पाळणा चौकटीवर ठक्क करून आपटत होता. ओम डोळे मोठे करून छताकडे पाहत होता, जणू छतच त्याच्याकडे येतंय.

मी हळूच म्हटलं, माई, हा पाळणा हाताने हलवायचा असावा, दोरी नको. त्यांनी मटार थांबवले नाहीत.

"दोरीशिवाय पाळणा म्हणजे काय, टोपली? आणि लिहिलंय ना त्याच्यावर स्विंग म्हणून. इरानेच वाचून दाखवलं."

इराने टॅबवरून मान वर न करता सांगितलं, "मावशी, इट्स जस्ट अ वर्ड."

दुसऱ्या दिवशी मेट्रोने जुमेरा लेक टॉवर्सला. स्त्रियांचा डबा वेगळा आहे, तिकीट स्वस्त, आणि आत काही खाल्लं तर दंड, म्हणून मी तोंडातली बडीशेपसुद्धा घाबरून गिळली. काकांच्या ऑफिसातून खाली तळं दिसतं. बैठकीला पाच माणसं होती. सर्बियन एकालाही येत नव्हतं, आणि मत पाचही जणांना होतं. एकाला 'स्विंग' मॉडर्न वाटत होतं. एकाचं म्हणणं, ऑनलाइन लोक तेच शोधतात. तिसरा फक्त "अ‍ॅब्सोल्युटली" म्हणत होता, दोन्ही बाजूंना. काका म्हणाले, रॉक म्हणजे दगड, बाळाच्या खोक्यावर मी दगड लिहू का? आणि स्टिकर तर छापून झालेत, गुरुवारी माल दुकानांत जाणार.

मी सांगितलं, 'स्विंग'वर सही करणार नाही. आणि पुस्तिका मिटली. काकांनी चहा मागवला. तिथे चर्चा संपवायची असली की चहा मागवतात.

दुपारी मी खाडीवर गेले. इथे जाच. एका दिरहममध्ये अब्रा, म्हणजे लाकडी होडी, तुम्हाला बर दुबईहून देराला सोडते; शहरात एवढ्या पैशात दुसरं काही मिळत नाही. बोट डुलत होती, शेजारचे दोन कामगार रत्नागिरीच्या बोलीत पगाराला उशीर करणाऱ्या सुपरवायझरच्या सात पिढ्या काढत होते, आणि मला वेगळीच भीती बसली. समजा, मी 'रॉक' लिहिलं. माई दोरी सोडतील? त्यांना शब्दाने दोरी बांधायला सांगितलीच नव्हती. त्यांच्या हातांनीच ती बांधली. हे पाळणे घेणार कोण? आपलीच माणसं. घरोघरी दोऱ्या बांधल्या जाणार. आणि मूळ पुस्तिकेत दोरीविषयी एक अक्षर नाही, कारण सर्बियात पाळण्याला दोरी बांधायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. मूळ मजकुरात नाही ते अनुवादात घालायचं नाही, हे मी आजवर एकदाही मोडलेलं नाही. स्वल्पविरामसुद्धा विचारून हलवते मी. पण डोळ्यांसमोर सारखा तो छताकडे पाहणारा ओम येत होता.

देराला उतरून दीड दिरहमचा कडक चहा घेतला. चांगला होता. रुपये करायला विसरले.

बुधवारी काकांनी जबल अलीला गोदाम दाखवायला नेलं. गाडीनेच जा, आत शिरायला पास लागतो, आणि रस्ते इतके सरळ आहेत की माणूस चालत निघाला तर म्हातारा होईल. रस्ताभर कामगारांना नेणाऱ्या कंपनीच्या बसेस. गोदामात पाळण्यांची खोकी छतापर्यंत, प्रत्येकावर हॅपी बेबी. मी सोबत पाच किलो तांदूळ आणला होता, साधारण बाळाच्या वजनाचा, अल बर्शाच्या दुकानातून. जोडून ठेवलेल्या एका पाळण्यात तो ठेवला, दुपटं पांघरलं, आणि आईच्या शाळेतलं वाक्य म्हटलं. "काका, आधी करून दाखवा. मग मी लिहिते."

काका हसले. हसत कोट काढला, बाह्या सारल्या, पाळण्याभोवती एक चक्कर मारली. मग इकडेतिकडे पाहत त्यांनी विचारलं, "दोरी कुठाय?"

मी दुपटं सारखं केलं. त्यांनीच खोक्यांची एक पॅकिंगची पट्टी उचलली, सराईतपणे गाठ मारली, चार पावलं मागे गेले आणि ओढली. पहिल्या झोक्याला ठक्क. दुसऱ्याला जोरात ठक्क. तिसऱ्याला दुपटं एकीकडे आणि तांदूळ दुसरीकडे. पिशवी फुटली. तांदूळ काकांच्या पॉलिश केलेल्या बुटांपर्यंत आला.

त्यांनी वाकून बुटांवरचे दाणे झटकले. मग म्हणाले, "ओमला पण हाच दिलाय ना मी?"

"हो. आणि माईंनी दोरी बांधली आहे."

"खलास," काका म्हणाले, आणि तिथूनच फोन लावला. माल गुरुवारी जाणार नव्हता. स्टिकर नवे. 'रॉक'. पुस्तिकेत दोरीचं वाक्य घाल म्हणाले. मी ते घातलं: पाळण्याच्या काठावर हात ठेवा, वीतभर हलवा, दोरी बांधू नका. खाली टीप दिली की हे वाक्य मूळ पुस्तिकेत नाही, अनुवादिकेचं आहे. काकांनी वाचून विचारलं, "एवढं खरं कोण लिहितं धंद्यात?" पण ती ओळ त्यांनी खोडली नाही. मी सही केली. पेन दोनदा तपासून.

घरी गौरीला सगळं सांगितलं. माईंनी गौरी, इरा आणि माझ्यादेखत दोरी सोडली, घडी केली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, बरं, आता मटार कोण सोलणार? गौरी सोलायला बसली. माई पाळण्याजवळ बसल्या आणि वीतभर, अगदी वीतभर, हलवत राहिल्या, कुणी मोजायला येईल अशा बेताने. ओम झोपला.

परत घरी, नाशिकला आले तेव्हा हिशेब असा: खजूर दोन डबे, फोटो पाच (उंच इमारतीचा एकही नाही), आणि नियम मोडल्याची एक बारीक टोचणी. कारखान्याला मी सर्बियनमध्ये कळवलं होतं की तुमच्या पुस्तिकेत एक वाक्य वाढवलं आहे, दोरीबद्दल. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं आलं: कसली दोरी? मी आमच्याकडच्या दोरी बांधलेल्या पाळण्याचा फोटो पाठवला. मग बरेच दिवस शांतता.

गेल्या आठवड्यात त्यांची नवी पुस्तिका आली, इंग्रजी करायला. सुरक्षिततेच्या पानावर माझंच वाक्य, आता मूळ म्हणून, सर्बियनमध्ये: पाळण्याला दोरी बांधून ल्युल्याती करू नये.

मी खुर्चीतून उठले. आईने विचारलं, काय चाललंय. मी हवेत दोरी धरली, चार पावलं मागे गेले आणि ओढली. मग बसले आणि लिहिलं: स्विंग.